रेशीमची पाठ

आमचा माग विकला गेला आणि त्याच जागेवर घोडी आली. सांगायला एवढीच गोष्ट, पण वस्तीत ती कोणाच्या गळी उतरली नाही. कोष्ट्याच्या घरातून धोट्याची खटखट ऐकू यावी, लिदीचा वास येऊ नये, असं सगळ्यांचं मत होतं. बाबांनी मागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा मुरूम टाकून भरला, आईनं वरून सारवलं, आणि भिंतीतल्या ज्या खुंटीला ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताचा, दोर असायचा तिलाच घोडीचा दोर बांधला गेला. पावसाळ्यात खड्डा पुन्हा दबायचा. घोडीचा मागचा पाय वीतभर खाली जायचा आणि ती मान वळवून आमच्याकडे अशी बघायची की हा उद्योग आम्हीच मुद्दाम केला आहे. तिचं नाव बाबांनी रेशीम ठेवलं. जन्मभर सुती धोतरं विणलेल्या माणसाची रेशमाची हौस राहून गेली असावी. नातेवाईक मात्र आम्हाला सरळ घोडीवाले म्हणायला लागले. लग्नाची पत्रिका द्यायला आले की नाकाला रुमाल न लावता, पण उंबऱ्याबाहेरूनच देऊन जायचे.

बाबा वरातीसाठी घोडी द्यायचे. हंगामात संध्याकाळ झाली की लाल फेटा बांधून, रेशीमवर लाकडी खोगीर आणि त्यावर जरीची झूल चढवून निघायचे. परत येईपर्यंत तिच्या आयाळीत कागदी फुलांचे तुकडे आणि फटाक्यांची राख अडकलेली असायची. सकाळी ते सगळं काढून तिचा खरारा करणं माझं काम होतं. खराऱ्यासाठी आमच्याकडे वेगळं काही नव्हतं. ताण्याला खळ लावायचा बाबांचा जुना कुंचा होता, हातभर लांब आणि राठ केसांचा. तोच मी तिच्या अंगावरून फिरवायची. मानेपासून सुरुवात, मग छाती, मग पोट, केस ज्या दिशेनं झोपतात त्याच दिशेनं. बाबांनी ताण्यावर कुंचा चालवायची जी रीत मला लहानपणी दाखवली होती, तीच मी घोडीवर चालवली, आणि ती तिला आवडायचीही. खालचा ओठ लोंबकळत सोडून डोळे मिटायची. थंडीच्या दिवसांत बाबा आधी तिच्या कानाच्या बुडाशी हात लावायला सांगत. कान गार लागला तर तिला थंडी वाजते आहे, अंगावर पांघरूण घालायचं. गरम असेल तर नाही. पाठीवर, मानेच्या मागे जो उंचवटा असतो तिथे, माझ्या बोटांना कातडी कडक लागायची. तिथून मी हात हलका ठेवायची. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, वरचे पांढरे केस दाट होते. हंगामात कधी ती जागा ओली व्हायची, तेव्हा आई हळद आणि तेल लावायची, बाबा खोगिराखाली आणखी एक फडकं घालायचे, आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि लाज वाटणं हा माझा त्या वयातला मुख्य उद्योग होता. मला आमच्या घराची लाज वाटायची, बाबांच्या फेट्याची वाटायची, आईच्या निळ्या नखांची वाटायची. सकाळी खरारा झाला की मी चंदनाच्या साबणानं हात कोपरापर्यंत घासायची, तरी वर्गात बाकावर शेजारी बसलेली मुलगी हळूच, फार सभ्यपणे, थोडी पलीकडे सरकायची. तिनं नाक मुरडलं असतं तर मी भांडले असते. सभ्यपणाशी भांडता येत नाही. आज माझ्या नातवंडांना मी घोडीवाल्याची मुलगी हे फार रुबाबदार वाटतं. मीही त्यांना वासाचं सांगत नाही, त्यांच्यापुरता रुबाब राहू देते.

आईच्या नखांचं कारण असं की वस्तीत ज्यांचे माग अजून चालू होते, त्यांच्या धोतरांना नीळ द्यायचं काम तिच्याकडे यायचं. निळीची पुडी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती बादलीत हलवायची, मग एक थेंब नखावर घेऊन उजेडात धरायची. मान हलवली की पाणी बरोबर. तिच्या हातची नीळ कधी चढली नाही आणि कधी उतरली नाही, असं लोक म्हणायचे, आणि घरात तिचा तेवढाच एक गर्व होता. बाकी दिवसभर ती चुलीपाशी. एका चुलीवर लाखोळीची डाळ आणि दुसरीवर रेशीमसाठी जवस शिजत असायचं. जवस खाल्लं की घोडीचे केस चमकतात. दोन्हींचा वास घरात असा मिसळायचा की मला आजही लाखोळीच्या डाळीला जवसाचा वास येतो. भाकरीचा जळका पदर रेशीमचा, संत्र्याची सालं रेशीमची. रविवारी पोह्यांवरची तर्री तेवढी तिला मिळत नसे, त्याचं तिला दुःख असावं, कारण पोह्यांच्या वेळी ती खूर आपटायची.

त्या हिवाळ्यात बाबांनी एक बातमी आणली. नागपुरातच, प्रताप नगरच्या बाजूच्या एका मैदानावर घोड्यांचं प्रदर्शन होणार होतं. तिथे शाळेच्या मुलांना घोडेस्वारी शिकवायचा वर्ग सुरू होणार होता आणि त्यासाठी एक शांत, स्वच्छ घोडी निवडणार होते. घोडीबरोबर तिची देखभाल करणाराही तिथेच राहणार. रेशीम तोवर फटाक्यांना फार भ्यायला लागली होती. आवाज झाला की तिचं सगळं अंग थरथरायचं, पण ती जागची हलायची नाही, वर नवरदेव बसला आहे हे तिला कळत असल्यासारखी. बाबा ते बघून घरी आले की जेवायचे नाहीत. म्हणून ही बातमी सांगताना त्यांचा आवाज वेगळाच होता. आईला म्हणाले, बाकी काही नको, एवढी घोडी त्या धुरातून सुटली पाहिजे. आम्ही तिघंही त्या दिवसापासून एकाच गोष्टीच्या मागे लागलो.

प्रदर्शनातल्या घोड्यांचे हिवाळ्याचे वाढलेले केस काढून टाकतात, हे बाबांनी कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. काढायचे तर आधीपासून काढायला हवे होते, म्हणजे अंगावर पुन्हा थोडी लव येते आणि तकाकी दिसते. पण मुहूर्त सुरू होते, कबूल केलेल्या वराती होत्या, आणि भादरलेली घोडी वरातीला कोण नेणार? त्यामुळे ते काम प्रदर्शनाच्या आदल्या दिवसावर आलं. बाबांनी ओळखीच्या न्हाव्याकडून हाताचं मशीन आणलं. मी तिचं तोंड धरून उभी, आई दोन्ही हातांनी कातडी ताणून धरते आहे, आणि बाबा कचकच मशीन चालवत आहेत, असं सकाळभर चाललं. केस जमिनीवर पिंजलेल्या कापसासारखे पडत गेले. मागाच्या दिवसांत आमच्या घरात अशीच सुताची तूस उडायची. आई हसून म्हणालीही की घर पुन्हा पहिल्यासारखं दिसतं आहे.

मग ती हसायची थांबली. केसांखालून जी घोडी बाहेर आली, ती पांढरी नव्हतीच. पांढऱ्या घोडीची कातडी काळी असते, हे आम्हाला माहीत होतं, पण कधी एवढी दिसली नव्हती. रेशीम उंदराच्या रंगाची झाली होती. अंगभर मशीनच्या फेऱ्यांचे पट्टे, त्यात कोंडा, आणि लिदीत बसून बसून मांडीवर चढलेले पिवळे डाग. आणि पाठीवर, मानेमागच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, फिक्या गुलाबी रंगाचे चट्टे. काही जुने, काही अलीकडचे. खोगिराच्या लाकडाची पूर्ण आखणीच तिच्या पाठीवर होती. माझ्या बोटांना ठाऊक असलेली जागा मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. बाबांनी मशीन खाली ठेवलं आणि ते उगाच त्याच्या दात्यांतले केस काढत बसले. कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. शेवटी आई म्हणाली, "पिवळी दिसून राहिली. नीळ द्या लागते तिले." आम्हाला दोघांनाही एकदम हायसं वाटलं.

दुपारभर आम्ही तिला घासलं. कढत पाण्यात दोन थेंब जवसाचं तेल टाकायचं, फडकं बुडवून घट्ट पिळायचं, आणि केसांच्या उलट दिशेनं दाबून फिरवायचं. कोंडा आणि मळ फडक्यावर येतो, फडकं काळं होतं, पुन्हा बुडवायचं. मी खांद्यापासून निघाले आणि शेपटीजवळच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचेपर्यंत माझे हात लाल झाले. खुरांना तेल लावलं, शेपटी विंचरली, नाकपुड्या ओल्या कापडानं पुसल्या. मग आईनं बादली घेतली. तिनं नीळ हलवली, थेंब नखावर घेतला, पण तो धरला विजेच्या दिव्याखाली, कारण घोडी होती आत आणि उन्हं उतरली होती. कापडाला नीळ दिली की ते उन्हात वाळत घालून मग पारखतात, ही वस्तीतल्या लहान पोरीलाही माहीत असलेली गोष्ट. पण घोडी वाळत घालता येत नाही. आईनं कुंचा बुडवून तिच्या अंगावर नीळ दिली, पाठीवर जरा जास्तच दिली. त्या पिवळ्या दिव्याखाली रेशीम अशी पांढरी शुभ्र दिसायला लागली की बाबा तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिले. चट्टे कुठे होते ते शोधूनही सापडत नव्हतं. बाबांनी मागावरून उतरलेली त्यांची शेवटची चादर काढली, लाल काठाची, जाड विणीची, आणि कानांपासून शेपटीपर्यंत तिच्यावर घातली.

सकाळी धुकं होतं. बाबा आणि मी घोडी घेऊन चालत निघालो, आई डबा आणि बादली घेऊन मागून ऑटोनं येणार होती. मैदानावर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि दोरी बांधून केलेल्या रिंगणाभोवती बरीच गर्दी होती. आमची पाळी आली. बाबांनी फेटा नीट केला, मला मान हलवून खूण केली, आणि मी चादर ओढली. पहिल्यांदा मला कळलंच नाही की लोक कशाला हसताहेत. मी आधी माझी ओढणी सावरली. मग घोडीकडे पाहिलं. रेशीम निळी होती. पांढऱ्यावर निळसर झाक नव्हे, चक्क निळी. ताज्या भादरलेल्या कातडीनं आणि उरलेल्या कोंड्यानं नीळ पिऊन घेतली होती. खांद्यावर फिकी, पोटावर ओघळ, आणि पाठीवर, जिथे आईनं जास्त दिली होती, तिथे गडद. आई तेवढ्यात डबा हातात घेऊन गर्दीतून पुढे आली आणि तिनं बघितलं. तिनं आपले हात पदराखाली घेतले. तिच्या आयुष्यात चढलेली ती एकच नीळ, आणि तीही एवढ्या लोकांदेखत.

परीक्षक म्हणून जनावरांच्या एक डॉक्टर बाई होत्या, केस पिकलेल्या, पायात गमबूट. त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. जवळ आल्या, पाठीवर बोट घासलं, बोट बघितलं. म्हणाल्या, "हा रंग कशासाठी दिला? खाली काय आहे?"

बाबा म्हणाले, "रंग नाही जी. नीळ आहे. कपड्याले देते तशी."

त्यांनी शांतपणे सांगितलं की धुऊन दाखवा. मैदानाच्या कडेला टाकी होती. आम्ही तिघांनी तिथे घोडी धुतली. आईनं पदर खोचला, मी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, बाबांनी फेटा काढून टाकीच्या कठड्यावर ठेवला. गर्दी रिंगण सोडून आमच्याभोवती आली, कारण रिंगणापेक्षा इथे जास्त मजा होती. त्यात माझ्या कॉलेजातल्या दोघीजणी होत्या. त्या हसत नव्हत्या, त्या माझ्याकडे मला न ओळखल्यासारखं बघत होत्या, आणि त्यांनी तसंच बघत राहावं अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होते. निळं पाणी आमच्या पायांवरून वाहत होतं. मला वाटत होतं की धुताधुता काहीतरी व्हावं, टाकीतलं पाणी संपावं. पाणी भरपूर होतं. नीळ जसजशी गेली तसतसे पाठीवरचे चट्टे वर आले, आणि ओल्या अंगावर ते कालच्यापेक्षा स्पष्ट दिसत होते. आजूबाजूचं हसणं थांबलं. हसणं परवडलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

डॉक्टर बाईंनी चट्ट्यांवरून तळहात फिरवला. रेशीमनं कातडी थरथरवली. मग त्या बाबांना जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "विकत घेतली तेव्हापासूनचे असतील ना हे?"

त्या बाई वाईट नव्हत्या. त्या बाबांना वाट काढून देत होत्या, हे मलाही कळलं. कुहीच्या बाजारातला ज्याच्याकडून घोडी घेतली तो माणूस इथे कुठे येणार होता विचारायला? हो म्हणा, असं मी बाबांकडे बघत मनात म्हणत होते. हो म्हटलं असतं तर निळीचा हसू येण्यासारखा प्रकार म्हणून सगळं निभावलं असतं, कदाचित घोडी सुटलीही असती. बाबांनी ओल्या हातानं तोंड पुसलं.

"नाही जी," ते म्हणाले. "बजारातून आणली तवा पाठ साफ होती. हे आमच्या खोगिरानं झालं." मग म्हणाले, "नीळ लपवाले नाही लावली आम्ही. पण लपलं होतं, हे खरं आहे."

आईनं मान खाली घातली. मीही घातली. डॉक्टर बाई म्हणाल्या की या पाठीवर मी मूल बसवू शकत नाही, आणि तुम्हीही आता कोणाला बसवू नका. त्यांनी मलमाची एक डबी दिली, कसं लावायचं ते आईला समजावून सांगितलं, आणि पुढची घोडी बोलावली.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या हंगामात रेशीम वरातीला गेली नाही. बाबा बर्डीच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात ठाण उचलायला आणि घड्या घालायला जायला लागले, जे काम त्यांनी स्वतः विणकर असताना हलकं मानलं होतं. उन्हाळ्यापर्यंत तिचे केस पुन्हा वाढले, पाठ पुन्हा पांढरी स्वच्छ दिसायला लागली, कोणालाही फसवता आलं असतं अशी. त्याच वेळी आजवर उंबऱ्याच्या आत न आलेला एक नातेवाईक आत येऊन बसला, चहा प्याला, आणि मुलाच्या वरातीसाठी घरची घोडी मागितली. बाबांनी नाही म्हटलं. तो पुन्हा आला नाही. खोगीर आमच्या माळ्यावर होतं, बाबा गेल्यावर मीच ते उतरवलं. त्याचं लाकूड खालच्या बाजूनं गुळगुळीत झालेलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. मैदानावरच्या भाताच्या तणसाच्या बोळ्यांनी आम्ही तिला चोळून कोरडं केलं आणि घरी निघालो. बाबा दोर धरून पुढे, मी तिच्या बाजूला चादर खांद्यावर टाकून, आई मागे रिकामी बादली घेऊन. डबा तसाच भरलेला होता. घरी जायचा रस्ता बर्डीतून होता, आणि रविवारची बर्डी म्हणजे सगळं नागपूर तिथे. आता तिथे डोक्यावरून मेट्रो जाते आणि खाली कोण चाललं आहे हे वरून कळतही नाही. तेव्हा सगळे एकमेकांना बघायलाच यायचे. चौक दिसायला लागला, दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं दिसायला लागली. भादरलेली, पट्टेरी, कानामागे अजून निळी, आणि पाठ अशी उघडी. मी खांद्यावरची चादर काढली आणि तिच्या पाठीवर टाकायला दोन्ही हात वर केले.

बाबा थांबले. "काहून वं?"

मी म्हटलं, तिला थंडी वाजत असेल. ऊन माझ्या डोक्यावर होतं.

ते रागावले नव्हते. त्यांचेही डोळे त्या चौकाकडेच होते, आणि फेटा त्यांनी परत बांधला नव्हता, काखेत धरला होता. "थंडी वाजत असन तर टाक," ते म्हणाले. "आपल्याले लाज वाटून राहिली म्हणून नको टाकू."

मी चादर एका हातात धरली आणि रेशीमच्या कानाच्या बुडाशी हात लावला. कान गरम होता. मी वळसा घालून पलीकडे गेले आणि दुसराही कान पाहिला. तोही गरम होता. मग मी चादरीची घडी करून ती छातीशी धरली, आणि आम्ही तसेच चौकात शिरलो.